पहिली बरणी काचांची

"मिशी बघा मिशी. ही असली मिशी होती का हो तुम्हाला कधी?"

म्हातारी हे स्वतःशीच पुटपुटली, पण नवऱ्याच्या कॉलरचं वरचं बटण लावता लावता पुटपुटली, म्हणजे थेट त्याच्या हनुवटीखाली. ऐकू न आल्याचं दाखवायची सोय नव्हती. म्हातारा मान वर करून छताकडे बघत उभा राहिला. शेजारच्या टेबलावर नव्या बाटल्या रांगेने मांडलेल्या होत्या आणि प्रत्येक बाटलीवर तोच होता. टोकं वळवलेली भरघोस मिशी, ओठांवर उभं ठेवलेलं एक बोट, आणि खाली ठसठशीत अक्षरांत दोन शब्द : 'तोंड बंद'.

"चित्रकाराने काढली," तो म्हणाला. "मी काय करणार?"

"झुरळ बसल्यासारखी होती ओठावर. तीही तुरुंगातून येताना काढून आलात."

"उवा झाल्या होत्या."

"हलू नका. बटण तुटेल."

बटण एकदाचं बसलं. तिने दोन पावलं मागे जाऊन त्याला न्याहाळलं, खांद्यावरचा एक धागा उचलला, फुंकून दिला.

"आणि तू काय घालणार आहेस?" त्याने विचारलं.

"हेच. मी कुठे फोटोत आहे?"

ती बाटल्यांकडे वळली आणि ज्यांची तोंडं तिरकी होती त्या सरळ करायला लागली. त्यात तिरकी एकही नव्हती.

बोळाच्या मध्यावरचं हे दुकान मूळचं छत्र्यांचं. म्हातारा आयुष्यभर छत्र्या दुरुस्त करत आला. तुटलेल्या काड्या, सुटलेल्या मुठी, उसवलेलं कापड. तो कारागीर वाईट नव्हता, पण चांगली छत्री लोक हरवतात आणि वाईट छत्री फेकून देतात, दुरुस्तीला आणतात ती फक्त चिकट माणसं. तेव्हा त्या घराची चूल छत्र्यांवर पेटत नव्हती, हे बोळातल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. मागच्या खोलीत मुठी चिकटवायचा सरस सदानकदा उकळत असायचा. त्याचा वास असा की माणसाने नाकाला रुमाल लावून पुढे सटकावं. त्या वासाच्या पदराआड, त्याच खोलीत, सडायला आलेल्या नासपतींची दारू गाळली जायची.

आता कायदा बदलला होता. लहान भट्टीला परवाना मिळू लागला होता. नातीने शहरातली नोकरी सोडली, खेटे घालून परवाना आणला, आणि तांब्याचं नवंकोरं भांडं चक्क पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या काचेला लागून बसवलं. म्हातारीला हे काही केल्या पचत नव्हतं.

"उघड्यावर?" तिने विचारलं होतं. भर चौकात आंघोळ करायला सांगावं तसं.

"आजी, आता लपवायचं नाहीये."

"ते कळतं गं. पण हाताला कळायला हवं ना."

आज उद्घाटन होतं. पहिली भट्टी सगळ्यांसमोर लागायची होती. अबकारी खात्याच्या मॅडम येऊन चव घेणार होत्या आणि त्यांनी मान हलवली की बाटल्या विकायला मोकळ्या. एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण मॅडमनी मोठ्या आदराने निरोप पाठवला होता : धारेखालची बरणी कधी बदलायची ते आजोबांनी स्वतः सांगावं. एवढं नाव ऐकलंय त्यांचं, डोळ्यांनी बघायचंय.

निरोप आला तेव्हा घरात सगळे जेवायला बसले होते. म्हाताऱ्याने पाण्याचा पेला उचलून पुन्हा खाली ठेवला. शेवटी मुलगा, म्हणजे नातीचा बाप, ताटाकडे बघत म्हणाला, "आई बसेल की बाबांच्या शेजारी."

त्यातच सगळं आलं.

कारण गोष्ट अशी होती की म्हाताऱ्याला दारू गाळता येत नव्हती. येत नव्हती म्हणजे अजिबात नाही. तो पीतही नसे. नुसत्या वासाने त्याचे कान लाल व्हायचे. भट्टी होती म्हातारीची. नासपती कधी कुस्करायच्या, आंबवण किती दिवस झाकून ठेवायचं, आच कधी ओढून घ्यायची, सगळं तिच्या हातात, आणि त्याहून जास्त तिच्या नाकात. धार सुरू झाली की पहिली बरणी ती कोणाला देत नसे. पुरुष मागायचे. 'पहिल्या धारेची द्या,' म्हणून छाती पुढे काढायचे. ती म्हणायची, "पहिली डोळ्यांना वाईट आणि डोक्याला त्याहून वाईट. ती काचांची." आणि खरोखरच त्या बरणीत फडकं बुडवून ती रस्त्याकडची काच पुसायची. छत्रीवाल्याची काच चमकली, की बोळाला कळायचं, माल तयार आहे. मग मोडक्या छत्र्या घेऊन लोक यायचे. धडधाकट छत्र्या मोडून आणायचे, असंही म्हणतात.

मग छापा पडला. छताला शेकडो छत्र्या टांगलेल्या, त्यातल्याच एका मिटलेल्या काळ्या छत्रीत भट्टीची वेटोळी तांब्याची नळी असायची. इन्स्पेक्टरने गंमत म्हणून नेमकी तीच उघडली. नळी त्याच्या बुटावर पडली. त्याने वर बघितलं, तर म्हातारी, तेव्हाची तरुण बाई, कडेवर मूल घेऊन दारात उभी. ती तोंड उघडणार एवढ्यात सरसाच्या भांड्यामागून नवरा पुढे आला आणि म्हणाला, "माझी आहे."

हे दोन शब्द सोडले तर तो पुढे काही बोललाच नाही. कशी गाळतोस, कुठून शिकलास, साथीदार कोण, किती विचारलं. दरडावलं, गोंजारलं, दोन लगावल्या. हा गप्प. न्यायाधीशांनी विचारलं, तरी गप्प. शिक्षा झाली आणि गडी आत गेला. तुरुंगातल्या जुन्या खोडांनी त्याला खिडकीजवळची जागा दिली. तिथेही कोणी कृती विचारली, की हा बोट ओठांवर ठेवून हसायचा. बाहेर येईपर्यंत त्याची ख्याती त्याच्या आधी बोळात पोचली होती. ज्याच्या छत्र्यांवर लोक हसायचे, त्याला आता रस्त्यात थांबून नमस्कार घालायला लागले. त्या नमस्कारांनी तो जरा ताठ चालायला लागला. म्हातारीने ती चाल पाहिली.

तो आत असताना काच मात्र चमकतच होती. बोळाने आपल्या मनाशी ठरवून टाकलं, की जुना साठा असेल.

मुलगा मोठा होऊन मास्तर झाला. 'माझा बाप दारू गाळायचा' हे त्याला हळूहळू हसत सांगता यायला लागलं. त्यात एक रुबाब होता. 'माझी आई दारू गाळायची' हे वाक्य मात्र त्याच्या जिभेवर कधी उभं राहिलं नाही. बोळातल्या प्रत्येक जुन्या माणसाला खरं काय ते माहीत होतं, आणि प्रत्येकाला वाटायचं, दुसरा विसरून गेला असेल तर आपण कशाला आठवण करून द्यावी.

नातीला माहीत नसणं शक्यच नव्हतं. ती सगळं आजीच्याच हाताखाली शिकली होती. बाटलीवर कोणाचं चित्र घ्यायचं यावरून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. पण म्हातारीनेच तिला गप्प केलं.

"त्यांचंच लाव. तुरुंगात ते गेले होते."

मग चित्र छापून आलं, आणि तेव्हापासून म्हातारी मिशीवर घसरली होती. मिशीवर बोलणं सोपं होतं.

दुपारी बोळ दुकानात लोटला. पाववाला हाताचं पीठ झटकत आला. समोरची शिंपीण गळ्यात टेप तशीच लटकत ठेवून आली आणि तिने पहिल्यांदा काय केलं, तर काचेवरून बोट फिरवून बघितलं.

"आज धुळीची आहे गं काच," ती म्हातारीला म्हणाली. "अजून नाही का आली?"

"येईल. तू सुई सांभाळ तुझी, कोणाला तरी टोचशील."

"मी नाही बाई टोचत कोणाला. एवढी वर्षं गप्पच तर बसलेय."

म्हातारीने तिच्याकडे एकदा बघितलं. शिंपीण टेपच्या टोकाशी चाळा करायला लागली.

मॅडम आल्या. त्या हसऱ्या होत्या, आणि आल्या आल्या म्हाताऱ्याच्या पाया पडायच्याच बाकी राहिल्या. त्यांच्याबरोबर वर्तमानपत्राची एक मुलगी होती, गळ्यात कॅमेरा. नळीच्या तोंडापाशी दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. एकीवर म्हातारा बसला, कॉलरमुळे मान ताठ. दुसरीवर म्हातारी, मांडीवर चष्म्याचं घर. ठरलं होतं ते असं : वास फिरला, की तिने चष्म्याचं घर खटकन मिटायचं. तो आवाज ऐकला, की त्याने हात वर करून म्हणायचं, 'बदला.' नात बरणी बदलेल. त्याचा मान राहील, मालही राहील. सकाळी दोनदा तालीम झाली होती, आणि दोन्ही वेळा त्याने वेळेवर हात वर केला होता.

आच लागली. भांडं आधी नुसतं उसासे टाकत राहिलं. मग नळीच्या टोकाशी एक थेंब जमला, लोंबला, पडला. दुसरा थेंब, तिसरा, आणि मग सुतासारखी धार. नातीने खाली पहिली बरणी धरली.

उग्र, गोडसर वास पसरला. नखांना लावायच्या रंगाचा, ताज्या वार्निशचा. म्हाताऱ्याचे कान लाल झाले.

"आजोबा, तुम्हाला कसं कळतं हो, नेमकं कधी?" वर्तमानपत्राच्या मुलीने विचारलं.

म्हाताऱ्याने बोट ओठांवर ठेवलं. लोक खदखदून हसले. कॅमेरा लखलखला. "अगदी बाटलीवरच्यासारखे!" मॅडम म्हणाल्या. मास्तरांनी भिंतीला टेकून श्वास सोडला.

नात बरणी सारखी करायच्या निमित्ताने वाकली आणि तिने बोटावरचे दोन थेंब आजीच्या पसरलेल्या तळव्यावर पडू दिले. म्हातारीने तळवे एकमेकांवर चोळले. जणू थंडी वाजत होती. मग नाक पुसायच्या मिषाने हात तोंडाजवळ नेले. अजून वार्निश. तिने हात मांडीवर ठेवले. बोटं चष्म्याच्या घरावर तबल्यासारखी फिरायला लागली.

थोड्या वेळाने नात पुन्हा वाकली. पुन्हा तळवे. या वेळी वार्निश मागे सरलं होतं आणि त्याच्यामागून, दार अर्धवट उघडून कोणी आत डोकावावं तशी, पिकलेली नासपती आली होती.

चष्म्याचं घर मिटलं. खट्.

म्हाताऱ्याने हात वर केला नाही.

म्हातारीला वाटलं, गर्दीत ऐकू गेलं नसेल. तिने घर उघडलं, पुन्हा मिटलं. खट्. नात तिच्याकडे बघायला लागली, मग आजोबांकडे. धार पडत होती. आता नुसत्या नाकाला, तळव्याशिवायही वास येत होता. पाववाल्याने डोळे मिटून श्वास आत ओढला. आणि हा सगळा माल काचांच्या बरणीत जात होता.

खट्!

"काय गं मोडलं?" शिंपीण म्हणाली.

म्हातारीने नवऱ्याकडे वळून बघितलं. तो नळीकडे बघत नव्हता. तो तिच्याकडेच बघत होता. बोट अजून ओठांवरच, आणि बोटाच्या मागे, तिला ओळखीचं, सरसाच्या भांड्यामागून पुढे येताना होतं तसं काहीतरी.

"अहो," ती दबक्या आवाजात म्हणाली.

तो ढिम्म.

"अहो, हात."

बरणी अर्ध्याच्या वर गेली. म्हातारीने आयुष्यात पुष्कळ गिळलं होतं. शेजाऱ्यांचं बोलणं, पोराची लाज, ती मिशी. पण चांगली धार वाया जाताना बघणं तिच्या पिंडातच नव्हतं. ती खुर्ची मागे सरकवून उठली.

"अहो, बरणी! बरणी बदला! काचांना पाजताय का सगळी?"

आणि म्हाताऱ्याला कोपराने बाजूला सारून तिने नातीच्या हातातली दुसरी बरणी घेतली. एक थेंबही जमिनीवर पडू न देता ती पहिलीच्या जागी सरकवली. दुसऱ्या हाताने आच कमी केली. कोणत्या बाजूला फिरवायचं ते तिला नव्या भांड्यावरही बघावं लागलं नाही. वाकून तिने धारेखाली बोट धरलं, जिभेला लावलं, डोळे बारीक केले.

"हं," ती धारेला म्हणाली. "आलीस का."

मग तिला दुकान आठवलं. ती तशीच वाकलेली राहिली. शिंपीण छताकडे बघत होती, पाववाला आपल्या बुटांकडे. बोळातली सगळी जुनी माणसं एकदम कुठे ना कुठे बघायला लागली होती, फक्त एकमेकांकडे सोडून.

"आईला," मास्तर पुढे येत म्हणाले आणि त्यांनी घसा साफ केला, "आईला घरात राहून राहून थोडं थोडं कळतं."

"हो ना," मॅडम आनंदाने म्हणाल्या. "इतक्या वर्षांची संगत. आजोबांनीच शिकवलं असणार."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दुकानभर सुटकेचा निःश्वास फिरला. म्हातारीने चष्मा काढून पुसला, त्यावर काहीच नव्हतं, आणि खुर्चीवर बसायला वळली. तेवढ्यात तिचं लक्ष गेलं, की म्हाताऱ्याने तिची खुर्ची भिंतीला नेऊन लावली आहे. बसायला जागा ठेवलेली नाही. तेव्हा ती भट्टीपाशीच उभी राहिली.

"काम संपू दे तुझं," तो हळूच म्हणाला. "मग बस."

मग ती काम करत राहिली. वास पुन्हा फिरून ओल्या पुठ्ठ्याकडे झुकायला लागला, तेव्हा तिने कोणाला न विचारता बरणी पुन्हा बदलली आणि आच बंद केली. कॅमेरा आता तिच्याकडे वळला होता. तिने केस सारखे केले नाहीत. हात ओले होते.

नातीने मधल्या बरणीतली दारू पाणी घालून सौम्य केली आणि लहान पेल्यात मॅडमच्या हातात दिली. मॅडमनी वास घेतला, एक घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. दुकानाने घोट त्यांच्याबरोबर धरला. त्या गिळेपर्यंत पाववाल्याच्या गळ्याची घाटी खालीवर झाली.

"बाप रे," मॅडम म्हणाल्या. अधिकाऱ्यासारख्या नाही, कोणाच्या तरी लेकीसारख्या. त्यांनी दुसरा घोट घेतला, जो घ्यायची गरज नव्हती. "फळ सबंध उतरलंय. विका, खुशाल विका."

टाळ्या वाजल्या. वर्तमानपत्राच्या मुलीने वही न काढता नुसतंच विचारलं, "मग, आजोबा? एवढी वर्षं तोंड बंद ठेवलंत. आज तरी सांगाल का, कशी गाळायचात?"

लोक हसायच्या तयारीने त्याच्या बोटाकडे बघायला लागले.

म्हाताऱ्याने बोट वर नेलं नाही. त्याने तोच हात कॉलरशी नेला, वरचं बटण सोडलं आणि मान मोकळी करून घेतली.

"बाबा," मास्तर म्हणाले, "जाऊ दे ना. राहू दे."

"थांब रे. मला एवढा मान मिळाला, पुष्कळ झाला. माझ्या जन्मालाही पुरला आणि पुढच्याही." तो मुलीकडे वळला. "इन्स्पेक्टरने मला हेच विचारलं होतं. न्यायाधीशानेही. आणि आत सगळ्यांनी. मी तोंड उघडलं नाही, खरं आहे. पण उघडून सांगणार काय होतो, पोरी? मला येतच नव्हतं."

कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं.

म्हातारीने वळून बघितलं नाही. तिने पहिली बरणी उचलली होती, काचांची, आणि तिच्यात फडकं बुडवून ती रस्त्याकडची काच पुसायला लागली होती. वरून खाली, वरून खाली, घाईघाईने. काचेतून बोळ स्वच्छ दिसायला लागला.

म्हातारा तिच्या पाठीकडे बघत म्हणाला, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने :

"दारू हिची आहे. तेव्हाही हीच गाळायची."